‘मुलं आली आणि टँकर वाढले’ : एका युक्तिवादाची तपासणी

घोडबंदर रोडवरच्या ८४ सदनिकांच्या एका सोसायटीच्या सहसचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत त्यांच्या इमारतीतील दोन घरांत नोकरी करणारी चार-चार अविवाहित मुले भाड्याने राहायला आली आणि मार्चपासून पाण्याच्या टँकरची संख्या महिन्याला ३० वरून ६० वर गेली. ‘मुलं आली आणि टँकर वाढले’ असे म्हणत समितीतील ज्येष्ठ सभासदांनी येत्या रविवारच्या विशेष सभेपुढे अविवाहितांना घरे भाड्याने न देण्याचा ठराव ठेवला आहे. या बोलण्यात कुठेतरी चूक आहे असे सहसचिवांना वाटते, पण ती नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही. तर्कदोषांची एखादी यादी पाठ करावी का आणि सभेत ती कशी वापरावी, असे ते विचारतात.

ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या कला शाखेला मी ३१ वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की यादी पाठ करू नका. तर्कदोषांचे प्रकरण शिकवून झाले की वर्गातील निम्मी मुले पुढचा महिनाभर घरच्यांच्या वाक्यावाक्यात दोष पकडत असत, आणि पालकसभेत त्याची तक्रार माझ्याकडे येत असे. मुलांनी पकडलेले दोष बहुधा खरे असत, पण त्यातून कोणाचा काही उलगडा झाल्याचे मला आठवत नाही. शिवाय एखाद्या युक्तिवादात दोष सापडला म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. त्या कारणाने तो सिद्ध होत नाही, एवढेच ठरते. तुम्ही रविवारी उभे राहून ‘हा तर्कदोष आहे’ असे म्हणालात आणि प्रत्यक्षात मुले खरोखरच बेसुमार पाणी वापरत असली, तर तुमचा तर्क निर्दोष राहील आणि सोसायटीचा प्रश्न मात्र तसाच राहील. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या तर्कविचाराच्या प्राचीन परंपरेत, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ समोरच्याची बाजू पाडण्यासाठी होते ती वितंडा. नुसती दोषांची यादी घेऊन सभेला गेलेला माणूस नकळत तिसऱ्या प्रकारात जाऊन बसतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे ज्येष्ठांचा युक्तिवाद त्यांच्यापेक्षाही नीट मांडणे. यालाच आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो इतका नीट मांडावा लागतो की समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हटले पाहिजे. कागदावर लिहून पाहा. पहिले आधारविधान असे की जानेवारीत आठ मुले आली. दुसरे असे की मार्चपासून टँकर दुप्पट झाले. निष्कर्ष असा की मुलांच्या पाणीवापरामुळे टँकर वाढले. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा, आणि माझ्या मते या विषयाचा निम्मा अभ्यास त्या प्रश्नातच आहे : दोन्ही आधारविधाने पूर्णपणे खरी असूनही निष्कर्ष खोटा असू शकेल का? असू शकत असेल, तर मध्ये एखादे न बोललेले विधान दडलेले आहे आणि ते शोधून त्याच कागदावर लिहिले पाहिजे.

इथे ते विधान असे आहे : टँकर वाढले याचा अर्थ पाण्याचा वापर वाढला, आणि त्या काळात वापर वाढवणारी मुलांखेरीज दुसरी कोणतीही गोष्ट घडली नाही. हे विधान कोणी उच्चारलेले नाही, म्हणून त्याला कोणी हरकतही घेतलेली नाही. उघड बोललेल्या विधानांवर सभेत तासभर भांडण होते आणि खरा भार पेलणारे विधान मात्र गप्प राहून मंजूर होते.

त्यातला ‘वापर’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे त्या परंपरेच्या मूळ ग्रंथात, वाक्छल नावाचा प्रकार आहे आणि त्याचे जुने उदाहरण ‘नवकंबल’ असे आहे; ‘नव’ म्हणजे नवे आणि नऊही. बोलणाऱ्याला नवे कांबळे असलेला माणूस अभिप्रेत असतो, आणि ऐकणारा ‘याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारतो. तिथे शब्दाचा दुसरा अर्थ मुद्दाम घेतलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा अजाणता घेतला जातो. तुमच्या नोंदवहीत टँकरची खरेदी लिहिलेली आहे, नळातून किती पाणी वापरले गेले ते लिहिलेले नाही. टँकरचे पाणी म्हणजे सोसायटीची एकूण गरज वजा महापालिकेकडून आलेले पाणी. आणि एकूण गरजेत वापराबरोबर गळतीही येते. म्हणजे टँकर वाढायला तीन वाटा आहेत : वापर वाढला, गळती वाढली, किंवा पालिकेचे पाणी कमी झाले. खरेदीला ‘वापर’ म्हटल्याबरोबर तीनपैकी दोन वाटा न तपासताच बंद झाल्या.

यानंतर आकडे घ्या. पाचवीतल्या गणितानेही पुष्कळ वाद मिटतात. महिन्याला ३० जादा टँकर म्हणजे दिवसाला एक, आणि तुमचा टँकर १०,००० लिटरचा आहे. ही सगळी वाढ आठ मुलांच्या माथी मारायची, तर प्रत्येकाने दिवसाला १,२५० लिटर पाणी वापरले पाहिजे. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी रोज १३५ लिटर धरून केले जाते. मुले त्याच्या नऊपटीहून अधिक पाणी वापरत असली पाहिजेत. वीस लिटरच्या बादल्यांनी मोजले तर प्रत्येकी ६२ बादल्या, आणि तेही दिवसभर ऑफिसात असणाऱ्या माणसांनी. ही दोन्ही घरे आधी पूर्ण रिकामी होती असे मानले तरच हा हिशेब इतका येतो. तिथे आधी कुटुंबे राहत असतील तर तो आणखी फुगेल. मुले सांडलवंड करत नसतील असे मी म्हणत नाही. रात्रभर नळ उघडा राहिल्याची घटना घडलीही असेल. पण घरे आधी रिकामी होती असे धरूनही, नियोजनाच्या दुप्पट वापरणाऱ्या आठ जणांनी मिळून दिवसाला दोन-सव्वादोन हजार लिटरचीच भर घातली असती, दहा हजारांची नव्हे.

उलट बाजूचा हिशेबही करून पाहा. ८४ घरे, घरटी चार माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजची गरज सुमारे ४५,००० लिटर. आधी रोज एक टँकर येत होता, म्हणजे पालिकेकडून सुमारे ३५,००० लिटर मिळत असावेत. ते २५,००० वर आले असतील तर इमारतीतल्या एकाही माणसाने एक तांब्याभरही जास्त पाणी न वापरता टँकर दुप्पट होतात. मार्च महिना आहे, हे विसरू नका. ‘पण नौपाड्यात माझ्या बहिणीकडे तर भरपूर पाणी आहे’ असे सभेत कोणीतरी म्हणेलच. ठाणे शहराला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा निरनिराळ्या स्रोतांतून पाणी मिळते, त्यामुळे एका भागात चणचण आणि दुसऱ्या भागात सुबत्ता हे सहज शक्य आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. नौपाडा आणि घोडबंदर रोड हे एका भांड्यातले तांदूळ नव्हेत.

आता प्रश्न असा की इतकी सरळ गोष्ट शहाण्या माणसांना का दिसत नाही. ती हटवादी आहेत म्हणून, असे मी मानत नाही. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये चार पत्त्यांचे एक कोडे मांडले, आणि त्याचे मराठी रूप मी दरवर्षी वर्गात वापरत असे. टेबलावर चार पत्ते आहेत, त्यांच्या दिसणाऱ्या बाजूंवर अ, क, ४ आणि ७ असे लिहिलेले आहे. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या आहे. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला समसंख्या असते. हा नियम खरा आहे की खोटा हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक मुले ‘अ आणि ४’ असे उत्तर देत. शिक्षकांच्या खोलीत विचारले तरी फार वेगळे उत्तर मिळत नसे. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’ असे आहे. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियमाला बाधा येत नाही, कारण समसंख्येमागे स्वरच असतो असे नियमाने म्हटलेलेच नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम तिथेच कोसळतो. आपले मन नियमाला पुष्टी देईल तो पत्ता शोधते, आणि तो मोडू शकेल अशा पत्त्याकडे त्याचे लक्षच जात नाही.

तुमच्या ज्येष्ठांनी काय केले असेल ते मी न बघता सांगू शकतो. ते मुलांच्या घराशी गेले असतील, तिथे बादली वाहताना किंवा वॉशिंग मशीन चालू असलेले पाहिले असेल, आणि ‘बघा’ असे म्हणत परतले असतील. तो ४ चा पत्ता झाला. ७ चा पत्ता तुमच्या कुंपणाच्या पलीकडे आहे : ज्या इमारतीत एकही अविवाहित भाडेकरू नाही, पण पाण्याची लाइन तीच आहे, तिथे मार्चपासून टँकर वाढले का? आपल्या परंपरेत याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या रीती मांडल्या, त्यांतील पहिल्या दोन याच विचाराच्या जवळच्या आहेत. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना एक फोन केला तर व्यतिरेक तपासून होतो. तिथेही टँकर वाढले असतील तर मुलांवरचा संशय बराच सैल होईल. तिथे वाढले नसतील तर पालिकेच्या पुरवठ्यावरचा संशय सैल होईल, आणि ते तुम्हाला मान्य करावे लागेल. मात्र तेवढ्याने मुले दोषी ठरणार नाहीत, कारण गळतीची वाट अजून उघडी आहे. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण सभेत कोणीतरी नक्की काढेल, पण ती दोन्ही बाजूंना वापरता येते, हे ध्यानात असू द्या. कधी कधी कावळा खरोखरच जड असतो. म्हण फांदी तपासून देत नाही.

व्याप्तीची, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ या अढळ संबंधाची, दिशा उलटण्याची चूकही याच ठिकाणी होते. न्यायग्रंथांतले नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या धुराचे आहे : जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. यावरून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असे मात्र म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण ही आणखी एक अट लागते, तिला उपाधी म्हणतात. ‘माणसे जास्त झाली की पाणी जास्त लागते’ हे खरे असले तरी ‘पाणी जास्त लागले, म्हणजे माणसे जास्त झाली असणार’ हे त्यातून निघत नाही.

हे सगळे मी फार वरच्या पायरीवरून सांगतो आहे असे वाटू नये, म्हणून स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीचे सामाईक विजेचे बिल अचानक वाढले. मी समितीपुढे मोठ्या डौलाने युक्तिवाद मांडला : सामाईक मीटरवर जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट एवढेच आहे; दिवे आणि पंप जुनेच आहेत; बदलली आहे ती फक्त लिफ्ट; म्हणून वाढ लिफ्टमुळेच झाली. रचना पूर्णपणे वैध होती, पर्याय एकेक करून बाद करत उरलेल्यावर येण्याची. तीन महिने आम्ही लिफ्टच्या कंपनीशी पत्रव्यवहार केला. शेवटी वॉचमनने सांगितले की वरच्या टाकीतला पंप बंद करणारा फ्लोट अडकतो, पंप चालूच राहतो आणि पहाटे ओव्हरफ्लोचे पाणी मागच्या गटारात जाते. ‘पंप जुनाच आहे’ हे माझे विधान खरे होते, पण ‘म्हणून त्यात काही बदललेले नाही’ हे मी तपासलेच नव्हते. युक्तिवाद वैध असणे आणि त्याची आधारविधाने खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. वॉचमनला मात्र कोणी काही विचारलेच नव्हते.

यावरून साक्षीचा मुद्दा निघतो. शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, ज्ञानाचा आधार मानताना आपल्याकडे बोलणारा ‘आप्त’ असावा असे म्हटले आहे, आणि आप्त म्हणजे ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. दोन्ही अटी लागतात. टँकरवाल्याला पाण्याची खडान्‌खडा माहिती असते, पण ‘यंदा सगळीकडेच मागणी जास्त आहे’ असे सांगण्यात त्याचा फायदा आहे. मुलांना घर भाड्याने देणाऱ्या मालकाचाही फायदा आहे, फक्त उलट दिशेने. अशा वेळी ‘तुम्ही घरमालक आहात म्हणून असे बोलता’ हा आक्षेप अर्धाच योग्य असतो. तो मालक केवळ आपल्या शब्दावर विश्वास ठेवा असे म्हणत असेल, तर त्याचा हितसंबंध विचारात घेणे रास्त आहे. पण त्याने वर केला तसा लिटरचा हिशेब मांडला, तर तो हिशेब कोणी मांडला याने त्यात फरक पडत नाही. चूक असेल तर ती आकड्यात दाखवावी लागेल.

ठरावात आणखी एक उडी आहे, ती लहान दिसते पण पहिलीपेक्षा मोठी आहे. समजा, मुले खरोखरच जास्त पाणी वापरतात. त्यावरून ‘अविवाहितांना घर देऊ नये’ हे कसे निघते? त्यासाठी ‘जो सरासरीपेक्षा जास्त पाणी वापरतो त्याला इमारतीत राहू देऊ नये’ असे आणखी एक न बोललेले विधान लागते. ते उघड मांडून त्याचे परिणाम पाहा. सात माणसांचे एकत्र कुटुंब, बाळंतपणाला आलेली लेक, घरी डबे करून देणाऱ्या बाई, सगळेच त्याच्या कचाट्यात सापडतात. एखादे मत मान्य केल्यास त्यातून कोणालाही नको असलेले काय काय मानावे लागेल हे दाखवणे, यालाच न्यायदर्शनात खऱ्या अर्थाने ‘तर्क’ म्हणतात. ज्येष्ठांना हे विधान मान्य नसेल, तर त्यांना हवे आहे ते बहुधा वेगळे काही आहे : रात्रीची वर्दळ, जिन्यातला आवाज, अनोळखी माणसे. त्या तक्रारी खऱ्या असू शकतात आणि त्यांची स्वतंत्र चर्चा व्हावी. पाण्याच्या नावाखाली त्यांचा निकाल लावू नये. अशा ठरावाच्या कायदेशीर बाजूत मी शिरत नाही, तो वकिलाचा विषय आहे.

मग रविवारी काय करायचे? माझे म्हणणे असे की ठरावाला विरोध करू नका. तो तीन आठवडे पुढे ढकलण्याची सूचना मांडा आणि त्या काळात करायच्या दोन तपासण्या सुचवा. पहिली तपासणी जमिनीखालच्या टाकीची. रात्री एक वाजता पंप बंद करा, पालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, काठीने पाण्याची पातळी मोजा आणि पहाटे पाचला पुन्हा मोजा. पाणी येण्याची आणि जाण्याची दोन्ही दारे बंद असल्यामुळे पातळी जेवढी उतरेल तेवढी गळती. टाकी चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असेल आणि पाणी १० सेंटिमीटर उतरले, तर १,२०० लिटर गेले; तासाला ३००, दिवसाला ७,२००, म्हणजे पाऊण टँकर जमिनीत मुरतो आहे. पातळी अजिबात उतरली नाही, तर ही टाकी सुटली असे समजा, पण वरची टाकी आणि डक्टमधले पाइप त्यामुळे सुटत नाहीत. दुसरी तपासणी त्या दोन घरांची. मालकाच्या संमतीने तिथल्या लाइनवर साधे मीटर बसवा, आणि तुलनेसाठी तेवढीच माणसे असलेल्या आणखी दोन घरांवरही बसवा. तुलनेची घरे नसली तर मुलांच्या मीटरवरचा कोणताही आकडा ‘जास्त’च दिसेल.

या तपासण्या सुरू होण्यापूर्वीच एक गोष्ट इतिवृत्तात लिहून घ्या : काय दिसले तर कोण आपले मत बदलेल. निकाल हाती आल्यावर हा प्रश्न विचारला, तर प्रत्येकाला आपल्या सोयीचा अर्थ सापडतो. ज्येष्ठांना विचारा की गळती किती निघाली तर ते ठराव मागे घेतील. आणि आधी स्वतःला विचारा, कारण मुलांची बाजू घेऊन तुम्हीही मनात एक निष्कर्ष काढूनच बसला आहात : त्या दोन घरांच्या मीटरवर रोजचे किती लिटर दिसले तर ज्येष्ठांचे बरोबर होते असे तुम्ही भर सभेत म्हणाल? तुलनेच्या घरांच्या तिप्पट? चौपट? तो आकडा आज ठरवा आणि इतिवृत्तात सर्वांत आधी तुमच्या नावापुढे लिहवून घ्या.